राधानगरीचे दरवाजे आणि राज्यशास्त्राचा पहिला तास

बारावीचा निकाल लागला की या सदराकडे येणारी निम्मी पत्रं ‘कोणता विषय घेऊ’ एवढंच विचारतात. यंदा त्यांत नवी भर पडली आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे विज्ञानाच्या मुलांना दुसऱ्या विद्याशाखेतला एक विषय ओपन इलेक्टिव्ह म्हणून घ्यावा लागतो, आणि कलेच्या मुलांनाही तसंच. दोन्हीकडची मुलं गोंधळली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते: मी कोल्हापुरात ३१ वर्षं प्रथम वर्षाच्या वर्गाला फिजिक्स शिकवलं आणि निवृत्तीनंतर दूरशिक्षणातून राज्यशास्त्रात एम. ए. केलं. त्यामुळे या पत्रांची उत्तरं द्यायला मी फार उत्सुक होते.

प्रश्न: मॅडम, मी बी. एस्सी. भाग १ ला आहे, फिजिक्स मेजर ठेवायचं आहे. ओपन इलेक्टिव्ह म्हणून राज्यशास्त्र घेतलं, कारण वेळापत्रकात तेच बसत होतं. फिजिक्समध्ये उत्तर बरोबर की चूक ते लगेच कळतं. राज्यशास्त्रात सगळ्यांचीच उत्तरं बरोबर वाटतात. मग याला शास्त्र का म्हणायचं? क्रेडिटपुरतं पाठ करून सोडून दिलं तर माझं काही बिघडेल का? – एक विद्यार्थिनी, शिरोळ तालुका

उत्तर: तू शिरोळची, म्हणून तुझ्या नदीपासूनच सुरुवात करते. पावसाळ्यात तुझ्या घरी रोज सकाळी दोन गोष्टी विचारल्या जात असणार: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट आणि राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगा पन्नास फुटांच्या वर गेली, तेव्हा तुमच्या भागानं काय सोसलं ते मी तुला सांगायला नको.

राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. ते उघडायला कुणी बटण दाबत नाही. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की पाण्याचा दाब दरवाजाला तोलून धरणाऱ्या वजनावर मात करतो आणि दरवाजा उघडतो. पातळी उतरली की पुन्हा मिटतो. हा तुमच्या पहिल्या सत्रातला धडा आहे. दाब खोलीबरोबर वाढतो, म्हणून पाणी अडवणाऱ्या उभ्या फळीवरचं एकूण बल खोलीच्या वर्गानं वाढतं. फळीला तळाशी बिजागरी आहे असं धरलंस तर टॉर्क, म्हणजे बलाचा फिरवण्याचा परिणाम, खोलीच्या घनानं वाढतो. खोली दुप्पट झाली की बल चौपट आणि टॉर्क आठपट. वहीत एकदा हे स्वतः काढून बघ. मग ‘तिसरा दरवाजा उघडला’ ही बातमी तुला वेगळी ऐकू येईल.

एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. म्हणजे एका दरवाजातून सेकंदाला चाळीस हजार लिटर. सातही दरवाजे उघडे राहिले तर जवळपास दहा हजार क्युसेक, आणि त्या हिशेबानं एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, पाणी भोगावतीत आणि तिथून पंचगंगेकडे उतरायला सुमारे २८ तास लागतात.

इथपर्यंत तुझं फिजिक्स पुरतं. आता पुढचं विचार. जुलैत धरण किती रिकामं ठेवायचं? वीजगृहातून आणि सेवाद्वारातून आधीच पाणी सोडत राहिलं तर पुराचं पाणी मावायला जागा राहते. पण पुढे पावसानं ओढ दिली तर उन्हाळ्यात उसाला पाणी कमी पडतं. वरच्या गावाला धरण भरलेलं हवं, खालच्या गावाला मोकळं. दरवाजा पाणी उघडतं, पण त्याआधी महिनाभर पातळी कुठे ठेवायची ते माणसं ठरवतात. ती माणसं कोण, त्यांना हा अधिकार कोणी दिला, त्या बैठकीत शिरोळच्या वतीनं कोण बोललं आणि निर्णय चुकला तर जाब कुठे मागायचा? या प्रश्नांना न्यूटन उत्तर देत नाही. तुझ्या वेळापत्रकात जो तास सहज बसला, तो या प्रश्नांचा आहे.

नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि पुढे कृष्णा कर्नाटकात जाते. तिथे अलमट्टी. धरणाची पातळी ५१९.६ मीटर ठेवायची की ५२४.२५६, यावर आपल्या भागात किती सभा झाल्या असतील! फुगवटा, म्हणजे धरणामुळे तुंबलेलं पाणी, नदीत मागे किती लांब पोचतो हे नदीचा उतार, पात्राची रुंदी आणि विसर्ग यांवर ठरतं. ते मोजता येतं, त्याचं गणित मांडता येतं. पण मोजणी कोणी करायची आणि दोन राज्यांनी दोन वेगळे आकडे आणले तर कोणाचा धरायचा? त्यासाठी संविधानात कलम २६२ आहे, १९५६ चा आंतरराज्य नदी जलविवाद कायदा आहे, आणि त्याखाली नेमलेले लवाद आहेत. सातवी अनुसूची उघडलीस तर पाणी राज्यसूचीत १७ व्या क्रमांकाला दिसेल आणि आंतरराज्य नद्यांचं नियमन केंद्रसूचीत ५६ व्या क्रमांकाला. एकच नदी दोन याद्यांत आहे.

बच्छावत लवादानं कृष्णेचं २०६० टीएमसी पाणी वाटलं: महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८००. हा २०६० चा आकडा ७५ टक्के विश्वासार्हतेचा आहे, म्हणजे शंभरांतल्या पंचाहत्तर वर्षी निदान एवढं पाणी नदीत येईल असा. पुढच्या ब्रिजेशकुमार लवादानं २०१० च्या निवाड्यात ६५ टक्के विश्वासार्हता धरली आणि वाटायला जास्त पाणी निघालं. नदी तीच, पण अनिश्चितता किती पत्करायची हे बदललं. हे वाक्य समजायला संख्याशास्त्र लागतं, आणि ते प्रमाण कोणी बदलावं हे समजायला राज्यशास्त्र. तुझ्या वर्गातल्या किती जणांकडे दोन्ही असेल? तुझ्याकडे असेल.

आता ‘सगळ्यांचीच उत्तरं बरोबर वाटतात’ याबद्दल. हे मला अजिबात मान्य नाही. राज्यशास्त्रात चुकीची उत्तरं भरपूर असतात. ती ओळखायला मूळ मजकूर वाचावा लागतो. शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा हुकूम घे. दसरा चौकातल्या पुतळ्यापाशी उभं करून कुणालाही विचार, ‘पन्नास टक्के आरक्षण’ म्हणून सांगेल. पण पन्नास टक्के कशाचे? एकूण नोकऱ्यांचे नव्हे. हुकूम निघाल्यापासून ज्या जागा रिकाम्या होतील, त्यांतल्या. म्हणजे एका फटक्यात कोणाला काढलेलं नाही. येणाऱ्या प्रत्येक भरतीबरोबर प्रमाण हळूहळू हलवत नेलं आहे. आणखी एक गोष्ट त्यात आहे, जी मला फार मोलाची वाटते: सर्व खातेप्रमुखांनी केलेल्या नेमणुकांचा तपशील दर तीन महिन्यांनी कळवायचा. हुकूम काढणाऱ्याला ठाऊक होतं की मोजलं नाही तर कागद कागदच राहील. प्रयोगशाळेत आम्ही मुलांना दुसरं काय शिकवतो?

उत्तर कसं लिहायचं हेही सांगते, कारण मी स्वतः तिथे आपटले होते. एम. ए. चा माझा पहिला स्वाध्याय संघराज्यावर होता. ३१ वर्षांच्या सवयीनं मी व्याख्या, वैशिष्ट्यं, आकृती असं जर्नलसारखं मांडलं. वीसपैकी आठ मिळाले. तपासणाऱ्या बाईंनी समासात दोनच ओळी लिहिल्या होत्या: ‘हे म्हणणं कोणाचं? त्याला विरोध कोणाचा?’ तो कागद मी जपून ठेवलाय. विधान लिहिलं की ते कोण करतं, कशाच्या आधारावर करतं आणि दुसरी बाजू काय म्हणते, हे त्याच परिच्छेदात यायला हवं. फिजिक्समध्ये तू मापनाशेजारी ± लिहितेस ना, तसंच हे आहे. पाठ करून सोडून देऊ नकोस, बाळ. पूर तुझ्या दारात येतो.

प्रश्न: मी बी. ए. चा विद्यार्थी, राज्यशास्त्र मेजर. ओपन इलेक्टिव्हला ‘दैनंदिन जीवनातलं भौतिकशास्त्र’ अशा नावाचा विषय मिळाला. दहावीनंतर गणिताला हात लावलेला नाही. पहिल्याच प्रात्यक्षिकाला माझं उत्तर पुस्तकातल्याशी जुळलं नाही आणि मित्र म्हणाला, आकडे मागून पुढे बसव. काय करू? – एक विद्यार्थी, चंदगड

उत्तर: मित्राचं ऐकू नकोस. हा सल्ला मी प्रयोगशाळेत हजारदा कानांनी ऐकलाय, आणि प्रत्येक वेळी जीव तुटलाय.

एका वर्षीची गोष्ट सांगते. लंबकावरून गुरुत्वत्वरण काढायचं होतं. आठवड्याअखेर जर्नल्स तपासायला आली. वीसच्या वीस वह्यांत उत्तर ९८१ सेमी प्रति सेकंद वर्ग. कोल्हापुरात, हातातल्या स्टॉपवॉचवर, वीसही मुलांना एकच आकडा येणं शक्य नाही. शिवाय ९८१ हा आकडा आपल्या गावचा नाहीच. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आणि तिच्या आकारामुळे विषुववृत्ताकडे हे त्वरण कमी होत जातं. कोल्हापूर उत्तरेला साधारण पावणेसतरा अंशांवर आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. इथे ते ९७८ च्या आसपास भरतं. पुस्तकातला आकडा आपल्या डोंगराला विचारून छापलेला नाही.

त्या वह्यांत पन्हाळ्याकडच्या एका मुलाच्या पानावर खोडरबराचे डाग होते. पान उजेडात धरलं तर खाली ९६२ दिसलं. मी त्याला बोलावलं आणि विचारलं, दोरा किती सेंटिमीटर घेतला होतास? म्हणाला, साठ. कुठून कुठपर्यंत? आधारापासून गोळ्याच्या कडीपर्यंत. गोळ्याचा व्यास दोन सेंटिमीटर. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते, म्हणजे ती एकसष्ट धरायला हवी होती. ९६२ ला ६१ नं गुणून ६० नं भागलं. उत्तर आलं ९७८. वर्गात सगळ्यात खरं मोजमाप त्याचंच होतं आणि त्यानं ते खोडून टाकलं होतं. त्याच्या चुकीनं गोळ्याची त्रिज्या सांगितली होती! मी त्याला त्या प्रयोगाला पैकीच्या पैकी गुण दिले आणि बाकीच्या एकोणीस वह्या परत केल्या. मुलं आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाहीत. चाललं मला ते.

म्हणून तुझं न जुळलेलं उत्तर तसंच ठेव आणि त्याखाली लिही, का जुळलं नसेल. स्टॉपवॉच दाबायला हात ०.२ सेकंद मागेपुढे होतो. वीस आंदोलनांना चाळीस सेकंद लागत असतील तर ही अर्ध्या टक्क्याची चूक झाली. काळाचा वर्ग घ्यायचा असल्यानं उत्तरात ती एक टक्का होते. म्हणजे ९७८ मध्ये साधारण १० इकडे किंवा तिकडे. एवढं लिहिता आलं की ९७० आलं तरी आणि ९८५ आलं तरी तू खरं बोललास.

गणिताची भीती घरीच घालव. सायकलचा जड नट घे, दोरा बांध, झोपाळ्याच्या कडीला टांग. टांगल्या ठिकाणापासून नटाच्या मध्यापर्यंत ९९ सेंटिमीटर ठेव आणि थोडासाच बाजूला ओढून सोड. जाऊन परत यायला दोन सेकंद लागतील. आता दोरा चौथाई कर, साधारण पावणेपंचवीस सेंटिमीटर. वेळ चौथाई होईल असं वाटतं ना? मोजून बघ, निम्मीच होते. वर्गमूळ म्हणजे काय ते त्या झोपाळ्याखाली कळेल. फळ्यावर मला ते कित्येकांना पटवता आलं नाही.

आणि तू राज्यशास्त्राचा आहेस, तर ही सवय तिकडेही ने. ‘अमक्या योजनेला इतके टीएमसी’, ‘इतके टक्के मतदान’ असं कुठे वाचलंस की एकक विचार, कशाचे टक्के ते विचार आणि मोजणाऱ्याची चूक किती असेल ते विचार.

प्रश्न: मुलीनं बारावी सायन्स करून बी. ए. राज्यशास्त्राला प्रवेश घेतला. भावकीत रोज विचारतात, याचा उपयोग काय? मलाही नीट सांगता येत नाही. – एक पालक, कागल

उत्तर: नुसत्या पदवीवर नोकरी मिळेल असं मी सांगणार नाही. पदवीनंतर तीन वर्षांची कायद्याची पदवी करता येते. एम. ए. आणि नेट किंवा सेट करून प्राध्यापक होता येतं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय आहे, आणि सामान्य अध्ययनाची दुसरी प्रश्नपत्रिका बरीचशी संविधान आणि शासनव्यवहार यांवरच असते. बारावीचं सायन्स तिथे वाया जात नाही, आकडेवारीच्या प्रश्नांना उपयोगी पडतं. भावकीला एवढं सांगा आणि मुलीला अभ्यास करू द्या. ती स्वतःहून हा विषय निवडून आली आहे, हे तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य.

प्रश्न: दहावीपर्यंत मराठी माध्यम. आता फिजिक्स इंग्रजीत आणि ओपन इलेक्टिव्हचं राज्यशास्त्र मराठीत. दोन्हीकडचे शब्द डोक्यात एकमेकांत मिसळतात. शब्दार्थाची वही केली, तरी परीक्षेत गडबड होते. – एक विद्यार्थी, गारगोटी

उत्तर: वहीत शब्दासमोर शब्द लिहिला असणार, म्हणून गडबड होते. शब्दासमोर प्रसंग लिहा.

‘पॉवर’ हाच शब्द घ्या. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला दोन्ही वर्गांत हा एकच शब्द भेटतो आणि त्याला प्रत्येक वेळी सांभाळावं लागतं. तुमच्याकडे मराठीत दोन आहेत: फिजिक्समध्ये शक्ती, राज्यशास्त्रात सत्ता. हा तुमचा फायदा आहे. अडचण दुसरीकडे आहे. घरी आपण ताकद, जोर, बल, शक्ती, ऊर्जा हे सगळे एकाच अर्थानं वापरतो. फिजिक्सला ते चालत नाही. मोटार पाणी वर ढकलते ते बल. पंधरा मिनिटं चालून ती जेवढी वीज खाते ती ऊर्जा. आणि तेवढंच पाणी पाच एचपीची मोटार तीन एचपीच्या मोटारीपेक्षा लवकर चढवते, ती शक्ती. गारगोटीच्या शेतकऱ्याला हा फरक विजेच्या बिलातून ठाऊक असतो, फक्त त्याची नावं तो वेगळी घेतो.

राज्यशास्त्रातल्या सत्ता, अधिसत्ता आणि अधिमान्यता या तिघांचंही तसंच करा. गावात एखाद्या जुन्या माणसाकडे पद नसतं, पण त्याच्या शब्दाबाहेर पंचायत जात नाही. त्याच्याकडे सत्ता आहे. ग्रामसेवकाच्या सहीशिवाय दाखला मिळत नाही; ती अधिसत्ता, कायद्यानं आलेली. आणि ग्रामसभेत वाद होऊन, विरोध करणाऱ्यांनीही शेवटी ‘बरं, ठरलं तर ठरलं’ म्हणून जो निर्णय मानला, त्याला अधिमान्यता आहे. तुमच्या गावातली तीन खरी उदाहरणं लिहा, नावं न घेता. परीक्षेत व्याख्या विसरलात तरी उदाहरणावरून ती परत बांधता येईल.

सगळ्यात जास्त फसवणारा शब्द मात्र ‘कार्य’. माझी आजी पंचगंगेच्या घाटावरून घागर भरून आणायची. घाटाच्या पायऱ्या चढताना ती गुरुत्वाविरुद्ध कार्य करत होती, आणि वर आल्यावर घरापर्यंतच्या सपाट रस्त्यावर, फिजिक्सच्या व्याख्येनं, घागर तोलून धरणारं बल शून्य कार्य करत होतं. पहिल्यांदा हे पुस्तकात वाचलं तेव्हा मला राग आला होता. तिची मान दुखायची, ती काय उगाच? पुढे कळलं की व्याख्या माणसाच्या दमण्याबद्दल बोलतच नाही, ती फक्त बल आणि बलाच्या दिशेनं सरकलेलं अंतर मोजते. दमणूक स्नायूंच्या आतली ऊर्जा खाते, तिचा हिशेब वेगळा. व्याख्या काय मोजते आणि काय मोजत नाही, या दोन ओळी प्रत्येक शब्दाखाली लिहाल तर वही जाड होईल, पण गडबड थांबेल.

सुरुवात या गणितानं करा आणि उत्तर एककासह मला पाठवा: घागर रिकामी दोन किलो, आत पंधरा लिटर पाणी, घाटाच्या तीस पायऱ्या, प्रत्येक पायरी पंधरा सेंटिमीटर उंच. गुरुत्वत्वरण कोल्हापूरचं घ्या, पुस्तकातलं नको.